फोटोत डाग दिसला, म्हणजे गुन्हा घडला नाही



आमच्या शाखेतील मालगाडीचे एक लोको पायलट गेल्या वर्षी मुदतीच्या वैद्यकीय तपासणीला, म्हणजे पीएमईला गेले. खोकला नाही, ताप नाही, वजन घटलेले नाही. डोळे, रक्तदाब, साखर सर्व ठीक. छातीच्या फोटोत मात्र डाग दिसला आणि डॉक्टरांनी थुंकी तपासायला सांगितली. ते थुंकी न देताच युनियन ऑफिसात आले. म्हणाले, "मला काहीच होत नाही. क्षय निघाला तर गाडी बंद, मायलेज बंद. बाहेरच्या डॉक्टरकडून गुपचूप गोळ्या घेतो. फिट सर्टिफिकेटचे तेवढे तुम्ही बघा."

खरे सांगतो, फार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका सभासदाला आम्हीच हा मार्ग सुचवला होता. ती आमची चूक होती. म्हणूनच आज लिहितो आहोत.

पहिली गोष्ट, "मला काही होत नाही" हा पुरावा नव्हे. देशात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या क्षयरोग सर्वेक्षणात आढळले की, केवळ लक्षणे विचारली असती आणि छातीचा फोटो काढला नसता, तर दर दहा रुग्णांपैकी सुमारे चार सुटून गेले असते. पण फोटोतला डाग म्हणजे निकालही नव्हे. जुन्या, बऱ्या झालेल्या आजाराचा व्रणही तसाच दिसू शकतो. निकाल देते ती मुख्यतः थुंकी. आजच्या यंत्रावर जंतू आहे की नाही आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्याला लागू पडेल की नाही, हे काही तासांत कळते. थुंकी द्यायची टाळणे म्हणजे सिग्नल न पाहता गाडी पुढे काढणे.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. क्षयाच्या औषधांत इथॅम्ब्युटॉल नावाची गोळी असते. क्वचित काहींच्या बाबतीत ती डोळ्याच्या नसेवर परिणाम करते आणि लाल-हिरवा रंग ओळखणे अवघड होते. वेळीच बंद केली तर नजर बहुधा सुधारते. पण ही गोळी लपून घेणारा माणूस इंजिनात बसून सिग्नल बघत असेल, तर काय होईल? त्याच्यामागे गाडी आहे, गार्ड आहे, पुढे रुळावर गँग आहे. हा एकट्याच्या पगाराचा प्रश्न राहत नाही.

हे सर्व आम्ही त्यांना बसवून सांगितले. त्यांनी थुंकी दिली. जंतू निघाले, पण नेहमीच्या औषधांना दाद देणारे. घरच्यांचीही तपासणी करून घेतली. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन, असा सहा महिन्यांचा कोर्स त्यांनी एकही दिवस न चुकता पूर्ण केला. डोळ्यांची तपासणी होऊन आज ते पुन्हा गाडीवर आहेत.

पण परत आल्यावर रनिंग रूममध्ये त्यांचे ताट वेगळे ठेवले गेले. ते प्रशासनाने नव्हे, आमच्याच बांधवांनी ठेवले. क्षय पसरतो तो खोकल्यातून हवेत उडणाऱ्या जंतूंमुळे, ताटवाटीने नव्हे. मद्रासला १९५६ साली सुरू झालेल्या क्षयरोग केंद्राने काही रुग्णांना सॅनिटोरियममध्ये आणि काहींना घरी ठेवून उपचार केले. घरी राहिलेल्यांच्या कुटुंबीयांना त्यामुळे जास्त लागण झाली नाही. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी सिद्ध झालेली गोष्ट आपल्या स्वयंपाकघरात अजून पोचली नाही, याची आम्हाला लाज वाटते.

आता प्रशासनाला सांगणे. कामगार आजार लपवतो तो अडाणी म्हणून नव्हे, घर कसे चालेल या भीतीने. तपासणीत क्षय निघालेल्या रनिंग कर्मचाऱ्याचे उपचारकाळात मायलेजसकट आर्थिक नुकसान होता कामा नये. निदानाचा कागद ऑफिसात हातोहात फिरता कामा नये. इथॅम्ब्युटॉल चालू असेपर्यंत रंगदृष्टीची तपासणी ठरावीक मुदतीने व्हावी. सॉर्टिंग हॉलमध्ये शेजारी शेजारी बसणाऱ्या आमच्या टपाल बांधवांनाही मुदतीची तपासणी मिळावी. ऑपरेशनच्या आधी काढलेल्या फोटोत अचानक डाग सापडावा, ही काही पद्धत नव्हे.

आणि बांधवांनो, तुम्हाला एवढेच सांगणे: तपासणीत काही निघाले तर आधी पूर्ण निदान करून घ्या, मग युनियनकडे या. तुमच्या नोकरीसाठी आम्ही भांडू. खोट्या फिट सर्टिफिकेटसाठी मात्र यापुढे आमच्याकडे येऊ नका.