खोकला गेला, तपासणी राहिली

उच्च रक्तदाबावरील ‘प्रिल’ गटातील गोळ्या, म्हणजे एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, रॅमिप्रिल, पेरिंडोप्रिल वगैरे, स्वस्त आहेत आणि हृदय व मूत्रपिंड या दोहोंनाही त्यांचा फायदा होतो. त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो गोळी सुरू झाल्यानंतरच्या रक्ततपासणीचा. ही तपासणी आपल्याकडे अनेकदा होतच नाही. शिवाय खोकला येतो म्हणून ‘प्रिल’ बंद करून ‘सार्टान’ दिले की आता कसलीच काळजी नको, असा एक सोयीचा समज रूढ झाला आहे. तो चुकीचा आहे.

रक्तपुरवठा किंवा मीठ कमी पडू लागले की मूत्रपिंड रेनिन सोडते. रेनिनमुळे यकृतात तयार झालेल्या एका प्रथिनापासून अँजिओटेन्सिन-१ बनते. ते तसे निरुपद्रवीच. पण मुख्यतः फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर असलेले एसीई नावाचे विकर त्याचे अँजिओटेन्सिन-२ करते. हे रक्तवाहिन्या आवळते आणि अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाकरवी शरीरात मीठ व पाणी अडवून धरते. प्रिल गोळ्या या विकरालाच रोखतात, म्हणून दाब उतरतो. मात्र हेच विकर ब्रॅडिकायनिन या पदार्थाची विल्हेवाटही लावत असते. विकर रोखले की ब्रॅडिकायनिन साठते, आणि कोरडा खोकला येण्याचे ते एक मुख्य कारण मानले जाते.

औषधाचा शोधही ब्रॅडिकायनिनच्याच वाटेने लागला. ब्राझीलमधील जराराका या विषारी सापाच्या विषात ब्रॅडिकायनिनचा परिणाम वाढवणारा घटक असल्याचे सर्जिओ फेरेरा यांनी १९६५ मध्ये दाखवले. तो घेऊन ते लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. पुढे अमेरिकेतील स्क्विब कंपनीत कुशमन आणि ओंडेट्टी यांनी त्या धाग्यावरून कॅप्टोप्रिल घडवले. १९८१ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली.

खोकल्याचे प्रमाण वेगवेगळ्या पाहण्यांत शंभरात पाच ते वीस असे आढळते. आपल्याकडे कोरडा खोकला महिनाभर टिकला की थुंकी तपासली जाते, छातीचा एक्स-रे निघतो. क्षयरोग नाही याची खात्री करणे योग्यच आहे. पण त्यानंतर खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांमागून बाटल्या संपतात आणि चिठ्ठीतल्या रक्तदाबाच्या गोळीकडे कोणी पाहत नाही. गोळी बदलली की हा खोकला सहसा एक ते चार आठवड्यांत थांबतो, क्वचित अधिक काळ रेंगाळतो. ओठ, जीभ किंवा चेहरा अचानक सुजणे हा विरळा परिणाम मात्र जिवावर बेतू शकतो, आणि तो गोळी सुरू केल्यानंतर कित्येक महिन्यांनीही होऊ शकतो.

टेल्मिसार्टान, लोसार्टान या गोळ्या विकराला हात न लावता अँजिओटेन्सिन-२ चे कामच अडवतात, त्यामुळे खोकला बहुधा होत नाही. २००८ च्या ‘ऑनटार्गेट’ चाचणीत टेल्मिसार्टान हे रॅमिप्रिलच्या तोडीस तोड ठरले. दोन्ही एकत्र दिल्यावर मात्र फायदा वाढला नाही, उलट मूत्रपिंडाचे त्रास वाढले. देशातील सरकारी उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमातही टेल्मिसार्टानचा वापर होतो. तेव्हा सार्टान देण्यात गैर काही नाही. मूत्रपिंडापुरता विचार केला तर दोन्ही गट सारखेच वागतात, एवढे विसरता कामा नये.

मूत्रपिंडातील गाळणीच्या प्रत्येक गुच्छात एक बारीक वाहिनी रक्त आणते आणि दुसरी ते बाहेर नेते. बाहेर नेणारी वाहिनी अँजिओटेन्सिन-२ आवळून धरते, त्यामुळे गाळणीतला दाब टिकतो. औषधाने ती सैल होते, गाळणीवरचा ताण हलका होतो आणि लघवीतून प्रथिने जाणे कमी होते. मधुमेही रुग्णांना मिळणारा लाभ मुख्यतः यातूनच येतो. त्याच कारणाने रक्तातील क्रिएटिनीन, म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, थोडे वाढते. सुरुवातीच्या पातळीपेक्षा तीस टक्क्यांपर्यंतची वाढ साधारणपणे चालवून घेतात. त्याहून जास्त झाली, किंवा अल्डोस्टेरॉन घटल्यामुळे वाढणारे पोटॅशियम ५.५ च्या वर गेले, तर थांबून विचार करावा लागतो. दोन्ही मूत्रपिंडांच्या धमन्या अरुंद झालेल्या असतील तर ही गोळी मूत्रपिंड बंद पाडू शकते. त्यासाठीच गोळी सुरू करण्यापूर्वी एकदा आणि नंतर एक-दोन आठवड्यांत पुन्हा क्रिएटिनीन व पोटॅशियम तपासायचे असते. मात्रा वाढवल्यावरही तेच.

घरातल्या साध्या गोष्टींनीही हे गणित बिघडते. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन रक्त आणणारी वाहिनी आवळते. सोबत लघवी वाढवणारी गोळी चालू असेल आणि जुलाब-उलट्या किंवा उन्हाळ्यामुळे अंगातले पाणी कमी झाले असेल, तर मूत्रपिंड अचानक कोलमडू शकते. रक्तदाबासाठी चांगले म्हणून घरी येणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात बहुधा पोटॅशियम घातलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारस केली, पण मूत्रपिंडाचे रुग्ण तिच्यातून वगळले. गर्भवतीला तर दोन्ही गट वर्ज्य आहेत. मूल होण्याची शक्यता असलेल्या स्त्रीला गोळी देण्यापूर्वी हे स्पष्ट सांगायला हवे.

तपासणीचा खर्च महिन्याच्या गोळ्यांहून जास्त होतो, आणि असे इशारे ऐकून लोक गोळीच सोडून देतील, असा आक्षेप घेतला जातो. दुसरी भीती खोटी नाही, कारण नियंत्रणात नसलेला रक्तदाब या गोळ्यांहून कितीतरी घातक आहे आणि गोळी मनाने बंद करणे हा उपाय होऊच शकत नाही. पण इशारा दडवून ती भीती जात नाही. खर्चाचे उत्तर सरकारी यंत्रणेने द्यायचे आहे. रक्तदाबाच्या गोळ्या जिथे मोफत मिळतात, तिथे या दोन तपासण्याही मोफत मिळाल्या पाहिजेत. खासगी दवाखान्यात चिठ्ठीवरच पुढच्या तपासणीची तारीख लिहिली जावी, आणि रुग्णाच्या रक्तदाबाच्या कार्डावर जिथे हा रकाना नाही तिथे क्रिएटिनीन व पोटॅशियमसाठी तो वाढवावा.