आशियाई कलेच्या अभ्यासक्रमाला देशांचे कप्पे कशाला?

महाविद्यालयात आशियाई कलेच्या इतिहासाचा अभ्यासक्रम आखायला घेतला, की आराखडा बहुधा ठरलेलाच असतो. चार आठवडे भारत, चार चीन, तीन जपान. वेळ उरला तर आग्नेय आशिया. इराण आणि मध्य आशिया मुलांनी घरी वाचून घ्यायचे. प्रत्येक कप्प्यात राजवटी ओळीने मांडलेल्या. या आराखड्याच्या बाजूचे युक्तिवाद पोकळ नाहीत, म्हणूनच त्यांचा नीट समाचार घ्यायला हवा.

पहिला युक्तिवाद कालक्रमाचा. तांग आधी की सोंग, हे ठाऊक नसेल तर चित्र पाहून मुलाला काय कळणार? हे खरेच. पण कालक्रम हवा म्हणून देशांच्या भिंतीही हव्यात, हे कशावरून? ब्रिटिश म्युझियममधला डेव्हिड फुलदाण्यांचा जोड पाहावा. हत्तीच्या मस्तकाच्या आकाराचे कान, आणि गळ्यावर लेख: देवळाला त्या अर्पण करणाऱ्याचे नाव आणि साल, आपल्या हिशेबात १३५१. त्यांच्यावरचा निळा रंग कोबाल्टचा, आणि त्या काळी चीनमधल्या चिंगदेझेनच्या भट्ट्यांना उत्तम कोबाल्ट इराणकडून येई. पुढे अशी निळी-पांढरी भांडी इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात जमा झाली. इराणच्या शाह अब्बासने १६११ मध्ये अशा भांड्यांचा आपला संग्रह अर्दबीलच्या दर्ग्याला दिला. इराणी कुंभार तशी भांडी घडवू लागले. ‘युआन राजवट’ या धड्यात फुलदाणी बसवली की साल पाठ होते, पण तो निळा रंग आला कुठून, हा प्रश्न वर्गात उठतच नाही.

दुसरा युक्तिवाद जिव्हाळ्याचा आहे: आपल्या मुलांना अजिंठा धड माहीत नाही, त्यांना चीन-जपान कशाला? पण घरचे समजायलाच शेजार लागतो. बोरिवलीला उतरून कान्हेरीला जावे. तिथल्या ४१ क्रमांकाच्या लेण्यात चार हातांचा अवलोकितेश्वर उभा आहे. मुख्य चेहऱ्यावर तीन-तीन मुखांच्या तीन ओळी, माथ्यावर आणखी एक. असा अकरामुखी अवलोकितेश्वर भारतात फार दुर्मीळ. चीन, तिबेट आणि जपानात मात्र तो पूजेत रुळला. ती परंपरा दाखवली नाही तर कान्हेरीची मूर्ती मुलांना निव्वळ नवल वाटेल. त्याच डोंगरावर १००९ आणि १०२१ सालचे पहलवी लेखही आहेत, म्हणजे इराणी वंशाचे पाहुणे तिथवर आले होते.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे. प्रवास केलेल्या वस्तूंच्या मागे लागले, तर जिथल्या तिथे परिपक्व झालेली कला हातची सुटेल. हा धोका खरा आहे, आणि त्यावर उपाय एकच: अशा कलेला भरपूर वेळ द्यायचा. तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात फॅन क्वानचे सुमारे हजार वर्षांपूर्वीचे निसर्गचित्र आहे. दोन मीटर उंच रेशमावर बहुतेक जागा एका डोंगराने व्यापलेली. तळाशी माल वाहणाऱ्या जनावरांचा इवलासा तांडा. चित्रकाराची सही पानांच्या गर्दीत इतकी दडलेली, की ती १९५८ मध्ये सापडली. या एका चित्राला दोन आठवडे दिले तरी ते सत्कारणी लागतील. तेवढ्या वेळात सोळा राजवटी उरकण्यापेक्षा मुलांची नजर नक्कीच तयार होईल.

मग अभ्यासक्रम कसा हवा? आठ-दहा कलाकृती आणि स्थळे पुरेत; उदाहरणार्थ, कान्हेरी, दुनहुआंगच्या गुहा, बोरोबुदूर, फॅन क्वान, डेव्हिड फुलदाण्या, इस्फहानच्या मशिदी, आणि नागपट्टिणमच्या बौद्ध कांस्यमूर्ती, जिथे चोळांच्या राज्यात श्रीविजयच्या राजाने विहार बांधवला. कालरेषा वर्गाच्या भिंतीवर कायम टांगलेली असावी.

साहित्य नाही ही सबब मुंबईत तरी चालणार नाही. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा कुटुंबाने दिलेल्या चिनी आणि जपानी वस्तू आहेत. परीक्षाही तिथेच घ्यावी. विद्यार्थ्याने एका वस्तूसमोर उभे राहून लिहावे: माती कुठली, रंग कुठला, घडवली कुणासाठी, आणि ती इथवर आली कशी.