क्विंटलमागे किती?

माझी नात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. परवा सुटीत यवतमाळला आली आणि वही पुढे करून म्हणाली, "आजोबा, तुम्ही बँकेत होतात ना? मग ही परिमेय फलने आणि अनंतस्पर्शी रेषा समजावून सांगा." मी म्हणालो, "तुझा क्ष म्हणजे आपल्याकडचा एकरी कापूस समज."

नांगरणीपासून फवारणीपर्यंत एकरी २०,००० रुपये लागले असे धरू. पीक येवो न येवो, ते जातातच. वेचाई आणि वाहतूक क्विंटलला १,०००. मग क्विंटलमागे खर्च म्हणजे २०,००० भागिले क्ष, अधिक १,०००. दहा क्विंटल पिकले तर ३,०००, पाच पिकले तर ५,०००, दोन पिकले तर ११,००० आणि अर्धाच क्विंटल हाती आला तर ४१,०००! पीक कितीही वाढवा, खर्च हजाराच्या आडव्या रेषेजवळ जाईल, तिला टेकणार नाही. उलट क्ष शून्याकडे सरकला की आलेख उभ्या रेषेला बिलगून आभाळात जातो. शून्याने भागता येत नाही, हे आमच्या जिल्ह्याला पावसाचा खंड शिकवतो. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने शिकवले.

सांगता सांगता मला जुने कर्ज-अर्ज आठवले. त्यांत 'सरासरी उत्पन्न' असा रकाना असे. एका वर्षी आठ क्विंटल, दुसऱ्या वर्षी दोन. मी पाच लिहून सही करीत असे. भाव ६,००० धरला तर चार क्विंटलला तोंडमिळवणी होते, म्हणजे पाचाला फायदाच. दोन वर्षांची बेरीजही चुकीची नव्हती. पण दोनाचे वर्ष आधी आले, तर एकरी १०,००० रुपयांची खोट घेऊन माणसाने आठाच्या वर्षापर्यंत पोचायचे कसे? त्यासाठी अर्जात रकाना नव्हता. अशाच एका शेतकऱ्याला थकबाकीची नोटीस माझ्या सहीने गेली. अर्ज नियमाप्रमाणे होता, नोटीसही. मन मात्र अजून त्या सहीपाशी अडखळते.

हमीभाव हवाच. पण घरात कापूसच आला नाही, तर शून्याला कोणत्याही भावाने गुणा, हाती शून्यच. तिथे विमा उपयोगी पडावा. पण २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेतही मुख्य भरपाई महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर ठरते. पुन्हा सरासरीच! कर्जाची मुदत आणि विम्याची भरपाई ठरवताना बँकेने आणि सरकारने आधी वाईट वर्षाचा आकडा मांडावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

नातीने विचारले, "मग शून्यापाशी उत्तर काय लिहू?"

"फलनाला तिथे किंमत नाही, असे लिही," मी म्हणालो. वहीपुरते ते उत्तर बरोबर होते.