कॅलेंडरवरचे खाडे

"सायकलला वेळ कुठून काढता हो?" गोदामाच्या दारावरच्या चहावाल्यापासून आमच्या मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांनी हा प्रश्न मला विचारून झाला आहे. मराठीत वेळ ‘काढतात’, विहिरीतून पाणी काढावं तसा. विहिरीत तो भरतो कोण, हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. "काढतो असाच इकडून तिकडून," असं म्हणून मिरवत होतो.

प्रकरण असं आहे. नोव्हेंबरात ‘डेक्कन क्लिफहँगर’ नावाची शर्यत असते, पुणे ते गोवा, 643 किलोमीटर. काही लोक ती एकट्याने, न झोपता करतात. आम्ही एवढे शूर नाही. कल्याणचे दोघे, ठाण्याचा एक आणि भिवंडीचा मी, अशा चौघांनी आळीपाळीने जायचं ठरवलं. चौघांची वयं मिळवली तर पावणेदोनशे होतात. जूनमध्ये एका लग्नाच्या पंगतीत, मठ्ठ्याचा दुसरा ग्लास पिताना, मी हो म्हटलं आणि तिथल्या तिथे मोबाइलवरून प्रवेश शुल्कही भरून टाकलं. बायको चार पानं पलीकडे बसली होती.

नोव्हेंबरातली शर्यत म्हणजे ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर हे सरावाचे महिने. युरोपात तेव्हा बरी हवा असते म्हणतात. आमच्याकडे ऑगस्टमध्ये पाऊस आणि खड्डे, सप्टेंबरमध्ये गणपती आणि खड्डे. ऑक्टोबरमध्ये खड्डे बुजवायला घेतात तोवर ऑनलाइन विक्रीचा दिवाळी हंगाम सुरू झालेला असतो. देशभर कुणी मोबाइल मागवो, कुणी मिक्सर, त्यातल्या बऱ्याचशा खोक्यांचा मुक्काम भिवंडीच्या गोदामांतच असतो. मी डिस्पॅचला आहे. वर्षातल्या ज्या सहा आठवड्यांत मला घरी जेवायला मिळणं कठीण, नेमक्या त्याच सहा आठवड्यांत पायांनी सर्वांत जास्त मेहनत करायची होती.

त्यावर उपाय म्हणून ट्रेनर घेतला. मागचं चाक काढून सायकल त्याच्यावर बसवायची आणि घरातल्या घरात पॅडल मारत राहायचं. ठाण्याच्या मित्राने पहाटे पाचला ट्रेनर सुरू केला, तर तिसऱ्या दिवशी सोसायटीची नोटीस आली. खालच्या मजल्यावर घरघर ऐकू येते म्हणे. आमच्या गल्लीत असलं काही होत नाही. समोरच्या गाळ्यात बारा यंत्रमाग आहेत, रात्रंदिवस खटखट चालू. त्या आवाजात माझी घरघर म्हणजे लग्नाच्या वरातीत कुणी शिट्टी वाजवावी तशी. उलट माग बंद पडले की शेजाऱ्यांना जाग येते. वीज गेली की गल्लीत एकदम शांतता पसरते, माझा पंखाही थांबतो, आणि दोन मिनिटांत सायकलीखालच्या सतरंजीवर घामाचं तळं साचतं.

पहाटे ट्रेनरवर मिळणाऱ्या एका तासात करायचं काय, हा खरा प्रश्न. व्यायामाचा अभ्यास करणारे स्टीफन सायलर हे मूळचे अमेरिकन, नॉर्वेत काम करणारे शास्त्रज्ञ. ते आणि त्यांचे सहकारी यांनी हौशी पण सराव असलेल्या सायकलपटूंचे गट केले. सात आठवडे, आठवड्यातून दोनदा, एका गटाने चार मिनिटं जोर लावायचा असं चारदा करायचं, दुसऱ्याने आठ मिनिटांचं चारदा, तिसऱ्याने सोळाचं चारदा. चौथ्या गटाने नुसतं लांबवर संथ चालवायचं. 2013 साली छापून आलेला निकाल असा, की आठ मिनिटांचा गट सर्वांत पुढे गेला. चार मिनिटंवाले जास्त जोर लावत होते, सोळावाले जास्त वेळ. पण आठाचा मेळ सर्वांत चांगला जमला. मला हे वाचून फार बरं वाटलं. आठ चोक बत्तीस मिनिटं, मध्ये दोन-दोन मिनिटं विश्रांती, अंग तापवणं आणि निवणं धरून तासाभरात खेळ खलास. नोकरदार माणसासाठी विज्ञानाने केलेली ही एक मेहरबानीच.

मंगळवारी आणि गुरुवारी पहाटे पावणेपाचला मी ट्रेनरवर बसतो. मुलगी यंदा दहावीला आहे, तीही त्याच वेळी उठते. पहिल्या दिवशी ती वही घेऊन स्वयंपाकघरात निघून गेली. दुसऱ्या आठवड्यात परत आली आणि म्हणाली, "बाबा, तुमची दोन मिनिटं फुकट जातात. तेवढ्यात मला प्रश्न विचारा." तेव्हापासून आठ मिनिटं ती पाठ करते, मी जोर लावतो. मग घड्याळ तिच्या हातात, पुस्तक माझ्या हातात, आणि धापा टाकत मी विचारतो, "आम्ल... आणि... आम्लारी... यांची अभिक्रिया..." प्रश्न पूर्ण होईपर्यंत दोन मिनिटं संपलेली असतात. तिला उत्तर येत नसलं की ती म्हणते, "चला, वेळ झाली." सायलरसाहेबांनी ही विश्रांती दोनच मिनिटांची ठेवली, याबद्दल ती त्यांची ऋणी आहे.

इथवर सगळं गोड होतं. गडबड झाली ती रविवारी.

रविवारी मी पाचला निघतो. नदी नाका ओलांडायचा, शेलार, कवाड, अनगाव करत वाडा रस्त्याने अंबाडीपर्यंत जायचं आणि तिथून वज्रेश्वरीला वळायचं. हा रस्ता कसा आहे हे ठाणे जिल्ह्यातल्या वाचकांना सांगायला नको. इतरांना सांगून पटणार नाही. कंटेनरचा चालक रात्रभर जागलेला असतो आणि आपण पुरते जागे झालेले नसतो. पण अंबाडीच्या पुढे हवा बदलते. भाताचा वास येतो. किल्ल्यासारखा दगडी तट असलेलं देवीचं मंदिर दिसतं. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी केलेल्या नवसाचं हे देऊळ. 1739 साली वसई पडली, नवस फेडला गेला. मी पायरीशी हात जोडतो, तानसा नदीपर्यंत जाऊन येतो आणि माघारी वळतो. साडेआठला घरात पाऊल ठेवायचं, असा करार होता. कारण नऊला नळाला पाणी येतं, साडेनऊला मुलीला क्लासला सोडायचं असतं, आणि बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका असल्याने तिला आठवड्यातला हा एकच दिवस मिळतो. दहाला ती कल्याणला पेटी शिकायला जाते.

सप्टेंबरातल्या एका रविवारी कवाडच्या अलीकडे पंक्चर झालं. ट्यूब बदलली, ती दुसऱ्या खड्ड्यात गेली. पावसामुळे फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पाठीमागच्या खिशात ठेवला होता. घरी पोचलो तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. पाणी भरून झालं होतं, मुलगी रिक्षाने गेली होती, आईच्या गुडघ्याला तेल लावून झालं होतं आणि पेटीचा क्लास बुडाला होता. बायको काही बोलली नाही. पेन घेतलं आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या रविवारच्या चौकटीत काहीतरी लिहिलं.

ती आंघोळीला गेल्यावर मी जवळ जाऊन पाहिलं. आमच्या घरी कालनिर्णयवर दुधाचे खाडे मांडतात, भांडीवाल्या मावशींचे खाडे मांडतात. महिनाअखेरीला हिशेब होतो. जुलैपासून तिथे तिसरं खातं उघडलेलं होतं: "हे – 4 तास." "हे – साडेतीन तास." "हे – पालकसभेत झोपले." शेवटची नोंद खरी आहे. वर्गशिक्षिका बोलत असताना माझी मान कलली होती. त्याच आठवड्यात गोदामातही, पहाटे उठून आणि मध्यरात्री झोपून, एका ई-वे बिलावर गाडीच्या नंबरचे शेवटचे दोन आकडे मी उलटसुलट टाकले. ट्रक वाटेत अर्धा दिवस उभा राहिला. चूक सर्वस्वी माझी होती.

माझे वडील मागावर जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग लावून देणारे. आमच्या घरात खाड्याबरोबर नेहमी दुसरा एक शब्द यायचा: बदली. एका कामगाराने खाडा केला तर त्याच्या जागी बदली उभा राहतो, कारण कारीगर आला नाही म्हणून माग थांबवून चालत नाही. त्या कालनिर्णयसमोर उभं राहून मला हे कळायला पंचेचाळिसावं वर्ष लागलं. मी वेळ काढत वगैरे काही नव्हतो. मी खाडे करत होतो, आणि माझ्या प्रत्येक खाड्यावर घरात कुणीतरी बदली उभं होतं, बिनपगारी.

आपल्याकडे या छंदाचे जे मोठे लोक आहेत, त्यांच्याकडे मी यानंतर वेगळ्या नजरेने पाहू लागलो. भिवंडीहून जो महामार्ग नाशिकला जातो, त्याच्या त्या टोकाला डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ. एक भूलतज्ज्ञ, दुसरे दंतवैद्य. 2015 साली या दोघांनी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. पश्चिमेच्या किनाऱ्यापासून पूर्वेपर्यंत साधारण 4,800 किलोमीटर अंतर. दोघांच्या संघाला मुदत नऊ दिवसांची, यांनी घेतले 8 दिवस, 14 तास, 55 मिनिटं. पाठोपाठ 2017 मध्ये तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली ती लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी. एकट्याला बारा दिवसांची मुदत असते. दोघेही बाराव्या दिवशी, मुदतीच्या काही तास आधी पोचले. गोकुलनाथ आदल्या वर्षी अर्ध्यात सोडून आले होते. तेही सैन्यातले डॉक्टर.

म्हणजे चारही डॉक्टर. यांना पेशंट नसतात का, असा विनोद आमच्या गटात होतो. मला त्याचं कारण वेगळं दिसतं. रुग्णालयात ड्युटी असते, आणि समोरच्याला चार्ज दिल्याशिवाय ड्युटी सोडता येत नाही, हे त्यांच्या अंगात भिनलेलं असणार. दोघांच्या संघात तर कामच तसं चालतं: एक भाऊ रस्त्यावर, दुसरा गाडीत आडवा, आणि अदलाबदल ठरलेल्या वेळी. झोपलेला भाऊही शर्यतीतच असतो. एकट्याने जाणाऱ्याच्या मागेही गाडी लागते. कुणी रस्ता सांगतो, कुणी भरवतो, कुणी डोळ्याला डोळा लागू देत नाही. एकट्याची शर्यत हे नावच तसं फसवं आहे.

मग आम्ही घरी बसून वाटाघाटी केल्या. ठाणेकरांबरोबरची शनिवारची सामुदायिक फेरी मी सोडली; तिच्यात निम्मा वेळ फोटोंत जायचा. रविवार एक आड एक केला. एका रविवारी वज्रेश्वरी. दुसऱ्या रविवारी पाणी, क्लास, आईचं तेल आणि डाळ-भात माझ्याकडे, आणि बायको सकाळी आठलाच घराबाहेर. वज्रेश्वरीच्या आठवड्यातले सात तास साडेपाचांवर आले, दुसऱ्या आठवड्यातले त्याहून खाली. कल्याणच्या मित्राच्या मते माझा वेग यामुळे पडेल. पडला थोडा. पण रात्रीची झोप तासाभराने वाढली आणि आठ मिनिटांची चौथी फेरी, जी मी आधी कशीबशी रेटायचो, ती आता पूर्ण जोराने होते. विश्रांती हाही सरावच, हे पुस्तकात वाचलं होतं. आमच्याकडे ते तहाच्या अटींतून आलं.

बायकोने भूप वाजवायला घेतला आहे. आरोह येतो, अवरोहात अडते. समोरच्या मागांचा ठेका चुकीच्या लयीत आहे अशी तिची तक्रार आहे.

शर्यतीला तीन आठवडे उरलेत. ज्यांना यंदा किंवा पुढच्या वर्षी असल्या कशात तरी उतरायचं आहे, त्यांना एवढंच सांगतो. सायकलला मागे लाल दिवा लावा, दिवसाही लावा. कंटेनरवाल्याला आपण दिसायला हवं. आणि प्रवेश शुल्क भरण्याआधी घरातलं कॅलेंडर भिंतीवरून काढून सगळ्यांसमोर टेबलावर ठेवा. मी आधी पैसे भरले होते.