आराम हराम है... डॅशसाठीसुद्धा

फ्लॅटमधे डॅशहाउंड पाळलेल्या कुठल्याही घरात जा, एक वाक्य हमखास ऐकू येतं. "अहो, याची पाठ लांब असते ना, म्हणून आम्ही याला फारसं फिरवत नाही. उगाच काहीतरी व्हायचं!" मग चहा येतो, आणि चहाबरोबर दुसरं वाक्य. "म्हणून तर हा घेतला. लॅब घेतला असता तर रोज तासभर बाहेर न्यावं लागलं असतं."

मंडळी, खरं कारण हे दुसरं वाक्य आहे. पहिलं म्हणजे नंतर लिहिलेलं डॉक्युमेंटेशन :)

मला या पहिल्या वाक्याचा राग येतो, कारण त्यात आळसाला काळजीचं लेबल लावलंय. आणि त्याची किंमत कोण भरतं? तो बिचारा नऊ-दहा किलोचा जीव, ज्याला "मला आज बाहेर जायचंय" एवढंही नीट सांगता येत नाही.

मुळात हा प्राणी सोफ्यासाठी बनलेलाच नाही. 'डाख्स' म्हणजे जर्मन भाषेत बॅजर आणि 'हुंड' म्हणजे कुत्रा. बॅजर हा बिळात राहणारा, दणकट पंजांचा, अंगावर धावून येणारा प्राणी. त्याच्या बिळात शिरून त्याच्याशी भांडायला जर्मन शिकाऱ्यांनी हा कुत्रा तयार केला. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकचा मॅस्कॉट आठवतोय का? वाल्डी नावाचा रंगीबेरंगी डॅश! उन्हाळी ऑलिंपिकचा तो पहिला अधिकृत मॅस्कॉट. त्या वर्षीच्या मॅरेथॉनचा रस्तासुद्धा त्याच्या आकृतीवरून आखला होता. म्हणजे ज्याला जगानं खेळाडूंचं प्रतीक मानलं, त्याला आपण उशीला टेकवून वेबसिरीज दाखवतोय.

आता पाठीचं बघू. भीती खोटी नाहीये, हे आधीच कबूल. मणक्यांच्या मधे ज्या चकत्या असतात, त्यांच्या आत जेलीसारखा मऊ गाभा असतो आणि बाहेरून चिवट कडं. आखूड पायांच्या कुत्र्यांमधे हा गाभा फार लवकर कोरडा पडायला लागतो, पुढे त्यात चुना साठतो. स्वीडनमधे हान्सेननं १९५२ सालीच दाखवलं होतं की अशा जातींमधे हे पहिल्या वर्षातच सुरू झालेलं असतं. २०१७ मधे त्यामागचा जनुकीय बदलही सापडला, कुत्र्याच्या १२ नंबरच्या गुणसूत्रावर. असा वाळलेला गाभा एक दिवस कडं फोडून वर, मज्जारज्जूवर येऊन आदळतो. बहुतेक वेळा छाती संपून कंबर सुरू होते त्या भागात. आणि मागचे पाय जातात.

थोडक्यात, बग बेस कोडमधेच आहे. सोफ्यावरून मारलेली ती उडी म्हणजे फक्त शेवटचा क्लिक. क्लिक करणाऱ्याला शिव्या देऊन काय होणार?

मग आपल्या हातात काय उरतं? दोन गोष्टी. पाठीभोवतीचे आणि पोटाचे स्नायू, आणि वजन. बसवून ठेवलं की पहिली घटते आणि दुसरी वाढते. म्हणजे पाठीच्या काळजीपोटी आपण नेमकं उलटं करतो!

ब्रिटनमधे 'डॅक्सलाइफ २०१५' नावाची मोठी पाहणी झाली, दोन हजारांवर डॅशहाउंडची. निष्कर्ष २०१६ मधे छापून आले. सुमारे १६ टक्के कुत्र्यांना चकतीचा त्रास झालेला होता. आणि ज्यांना रोज अर्ध्या तासापेक्षा कमी व्यायाम मिळत होता, त्यांच्यात हे प्रमाण जास्त निघालं. गंमत म्हणजे ज्यांना सोफ्यावर चढण्या-उतरण्याची बंदी होती, त्यांच्यातही जास्तच! आता कोरिलेशन म्हणजे कॉझेशन नव्हे, हे मी कामाच्या ठिकाणी रोज ऐकतो. पाठ दुखते म्हणूनच काहींचं फिरणं बंद केलं असेल, हेही शक्य आहे. त्यामुळे "उड्या मारू द्या" असं मी या आकड्यांवरून म्हणणार नाही. पण "बसवून ठेवलं की पाठ वाचते" असं म्हणणाऱ्यांनी मात्र आता पुरावा द्यावा.

आपल्यातला आणखी एक नमुना म्हणजे वीकेंड वॉरियर. सोमवार ते शुक्रवार खाली पार्किंगमधे पाच मिनिटं, शू झाली की वर. आणि रविवारी पहाटे थेट सिंहगड! फोटो झकास येतात, मान्य. पण पाच दिवस खुर्चीत बसून आपण स्वतः रविवारी बॉक्स क्रिकेटमधे डाइव्ह मारली की सोमवारी काय होतं? त्याचंही तेच होतं. रोज पाऊण तास, दोन भागांत, पट्ट्यावर, झपझप चालणं. मधे मनसोक्त हुंगू द्या. सवय नसेल तर दहा मिनिटांपासून सुरुवात करा आणि दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा. मातीचा रस्ता, सौम्य चढ उत्तम. उन्हाळ्यात सकाळी लवकर जा, कारण त्याचं पोट डांबरापासून वीतभरच वर असतं. हवेत बॉल फेकून उडी मारून झेलायला लावणं, गर्रकन वळायला लावणं, दोन पायांवर उभं करून "नमस्कार कर" म्हणणं, हे मात्र बंद.

घरातलंही थोडं बघा. आपल्या गुळगुळीत टाइल्स म्हणजे त्याच्यासाठी बर्फाचं मैदान. बेल वाजली की तो घसरत, कंबर वाकडी करत दाराकडे धावतो. त्या वाटेवर जाड सतरंजी किंवा योगा मॅट टाका, नखं वेळेवर कापा. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस घ्या. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, पाठ आडवी. लहान मुलांना हे आधी शिकवा, ती बगलेत धरून उचलतात. सोफ्याला छोटा उतार लावलात तर छानच, पण तो फिरवण्याचा पर्याय नाही.

आणि वजन! नऊ किलोच्या डॅशवर एक किलो जास्त म्हणजे ७२ किलोच्या माणसावर आठ किलो जास्त. आजी दूधपोळी देते, बाबा बिस्किट देतात, ताई चीज देते, आणि प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच देतोय. बरगड्यांवरून हात फिरवा. बरगड्या सहज लागल्या पाहिजेत. शोधाव्या लागत असतील तर वाटी लहान करा.

"पण डॉक्टरांनीच सांगितलं होतं, हालचाल बंद ठेवा!" हो, सांगितलं असेल. चकती सरकल्यावर. तेव्हा ते शंभर टक्के बरोबर असतं. किमान चार आठवडे छोट्या जागेत कडक विश्रांती हा उपचारच आहे. पण ते आजारी कुत्र्याचं औषध झालं, धडधाकट कुत्र्याला जन्मभर देण्याचं टॉनिक नव्हे. पायाला प्लास्टर घातलं होतं म्हणून कुणी पुढची दहा वर्षं पलंगावर काढत नाही.

दुखण्याची लक्षणं मात्र पाठ करून ठेवा. उचलल्यावर कळवळणं, पाठीला कुबड काढून थरथरणं, पायरी चढायला नकार, मागचे पाय लडखडणं किंवा पंजा उलटा पडणं, नकळत शू होणं. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. पाय ओढत असेल तर त्याच तासाला. आणि घरच्या डब्यातली आयबुप्रोफेन वगैरे अजिबात देऊ नका. माणसाची पेनकिलर कुत्र्याला विषारी ठरू शकते.

एवढं सगळं करूनही काहींची चकती जाईलच. जनुकं चालण्यानं बदलत नाहीत. म्हणून पिल्लू घेताना आई-वडिलांना पाठीचा त्रास होता का, हे विचारा, आणि विकणारा उत्तर टाळत असेल तर परत या. पण ज्याचे स्नायू भक्कम आणि वजन ताब्यात आहे, तो निदान दुखण्यातून उठायला तरी तयार असतो.

असो. ज्यांना रोजचा पाऊण तास खरंच नाही, त्यांच्यावर माझा राग नाही. डेडलाइन, ट्रॅफिक, ऑनसाइटवाल्यांचे रात्रीचे कॉल्स, सगळं मलाही आहे. पण मग कुत्रा घेऊ नका. शेजाऱ्याचा फिरवायला न्या, तो दुवा देईल. आणि घेतलाच असेल, तर त्याच्या पाठीचं कारण पुढे करून स्वतःची पाठ सोफ्याला टेकवू नका. लावा हार्नेस, घाला चपला, चला खाली!