अधिकार मिळाला, आता कायदा हवा

२२ नोव्हेंबर २०२४ रोजी नायजेरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ चा राष्ट्रीय लॉटरी कायदा राज्यांपुरता रद्दबातल ठरवला, आणि लॉटरी व दैवाधीन खेळ यांविषयी कायदे करण्याची मुखत्यारी संघराज्याच्या संसदेची नसून घटकराज्यांची आहे, असा एकमुखी निर्णय दिला. लागोस राज्याने २००८ साली दाखल केलेल्या दाव्याचा हा निकाल राज्यघटनेशी सुसंगत आहे, याविषयी मला संदेह नाही. परंतु अधिकाराबरोबर येणारे उत्तरदायित्व राज्यांनी अद्याप पुरतेपणी उचललेले नाही, आणि त्याची झळ ऑनलाइन पोकर खेळणाऱ्या सामान्य माणसास बसत आहे.

दक्षिणेकडील राज्यांची दंडसंहिता मूळची ब्रिटिश अमदानीतील. तिची दृष्टी मुख्यत्वे जुगाराच्या अड्ड्यावर, तो चालवणाऱ्यावर आणि त्यासाठी जागा देणाऱ्यावर खिळलेली आहे. उत्तरेकडील १९६० ची दंडसंहिता सुदानमार्गे आपल्याच १८६० च्या भारतीय दंडविधानावरून उतरलेली, आणि तेथील बारा राज्यांत शरियतचा अंमल असल्याने जुगार सर्वथा निषिद्ध आहे. म्हणजे दक्षिणेतील लागोसमध्ये ज्या खेळास परवान्याची वाट मोकळी होऊ शकते, तोच खेळ उत्तरेतील कानोमध्ये अपराध ठरतो. आणि मोबाइलवरचा डाव तर या दोन्ही मुलखांत एकाच वेळी मांडलेला असतो.

त्यातही पोकरचे स्वरूप संमिश्र आहे. हाती येणारी दोन पाने आणि मेजावर उलगडणारी पाच पाने दैवाधीन खरी. पण पैज किती वाढवावी आणि पाने केव्हा टाकून द्यावीत, हा निर्णय गणिताचा व मनुष्यपरीक्षेचा आहे. हा खेळ दैवाचा की कौशल्याचा, हे कायद्याने निःसंदिग्धपणे सांगितले नाही, तर त्याचा निवाडा पोलिसाच्या मर्जीवर राहतो. आणि परदेशी परवान्यावर चालणाऱ्या संकेतस्थळाने जिंकलेली रक्कम अडवून धरली, तर खेळाडूने फिर्याद कोणाकडे न्यावी, याचे उत्तर त्यास सापडत नाही.

२०२५ मध्ये नायजेरियाच्या संसदेपुढे आलेल्या केंद्रीय गेमिंग विधेयकाच्या पुरस्कर्त्यांनी, ऑनलाइन खेळ राज्यांच्या सीमा ओलांडतात, म्हणून त्यांचे नियमन केंद्राकडे असावे, असा युक्तिवाद केला. त्यांनी दाखवलेली अडचण खरी आहे, पण उपाय अयोग्य आहे. कारण न्यायालयाने जो अधिकार नाकारला, तो नव्या नावाने परत घेणे हा घटनेचा अधिक्षेप होय. आपल्या राज्यघटनेतही पैज व जुगार हे विषय राज्यसूचीत असताना, ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घातली, म्हणून हा प्रश्न मराठी वाचकासही परका नाही.

नायजेरियाच्या राज्यांनी आपापसांत करार करावेत; आणि प्रत्येक राज्याने पोकर निषिद्ध आहे की परवानापात्र, हे नाव घेऊन सांगावे. जेथे परवाना द्यावयाचा, तेथे वयोमर्यादा, खेळाडूंच्या ठेवींचे संरक्षण आणि तक्रार ऐकणारा अधिकारी या तीन गोष्टी बंधनकारक कराव्यात. केवळ महसुलाच्या लोभाने परवाने वाटणारे राज्य आपल्या नागरिकास वाऱ्यावर सोडते; आणि सोळा वर्षे न्यायालयात झगडून मिळवलेला अधिकार त्यासाठी खचितच नव्हता.