हुकूम फुकट, स्थलांतर महाग

सप्टेंबर २०१८ मध्ये फ्लॉरेन्स हे चक्रीवादळ अमेरिकेच्या कॅरोलायना किनाऱ्याकडे येऊ लागले, तेव्हा दहा लाखांहून अधिक किनारवासीयांना घरे सोडण्याचे हुकूम झाले. लोक दूरचित्रवाणीवरील नकाशे पाहत बसले. वादळाची श्रेणी चौथीवरून पहिलीवर उतरली, तसा थांबण्याचा मोह वाढला. वस्तुतः श्रेणी वाऱ्याचा वेग सांगते, पाण्याविषयी काहीच सांगत नाही. १४ सप्टेंबरला किनारा ओलांडल्यावर वादळ माणसाच्या चालीने सरकत राहिले. एलिझाबेथटाऊन येथे सुमारे ९० सेंटिमीटर पाऊस कोसळला.

मागे राहिलेल्यांना हट्टी म्हणण्याची रीत आहे. पण हुकूम काढण्यास खर्च येत नाही, तो पाळण्यास येतो. पेट्रोल, खोलीभाडे, बुडालेली मजुरी. आणि वादळ जितके मंद, तितके हे दिवस वाढतात. उत्तर कॅरोलायनात किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे. २००९ पासून ते हललेले नाही. सार्वजनिक निवारे उघडतात हे खरे, परंतु तेथे छप्पर मिळते, मजुरी मिळत नाही.

क्यूबात १९६३ साली फ्लोरा वादळ अनेक दिवस रेंगाळले आणि हजाराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर तेथे नागरी संरक्षणाची यंत्रणा उभी राहिली : वस्तीवार नोंदी, सरकारी वाहने, गुराढोरांचीही सोय. तेथील एकपक्षीय राजवट लोकशाही समाजवाद्यांना मान्य होणारी नाही. तथापि दारात बस उभी करण्यास हुकूमशाही लागत नाही. अमेरिकेसारख्या धनाढ्य राष्ट्राने निदान स्थलांतराच्या दिवसांची मजुरी देणे कायद्याने बंधनकारक करावे. मग हट्टाने किती थांबले आणि नाइलाजाने किती, हे दिसेल.